नुसतं बघायचं

"बघायला काय जातंय!" असं म्हणत ती आमच्या सेफ्टी डोअरच्या गजांवर स्टीलची पाण्याची बाटली वाजवायची. रविवारी, दुपारचा चहा अजून गाळणीत असताना. बेल होती हो आमच्याकडे, चांगली चिमणीच्या आवाजाची. पण बेल वाजवली की घरातलं मोठं माणूस दार उघडतं आणि बाटली वाजवली की पोरगं धावत येतं, असं तिचं म्हणणं. आणि एकदा का पोरगं चपला घालून दारात उभं राहिलं, की आईची काय बिशाद नाही म्हणायची!

तिचं नाव मी सांगणार नाही. तसंही आमच्या बिल्डिंगमध्ये ते कुणी घेत नव्हतं. ती मिनूची आई आणि मी ओजसची आई. डोंबिवलीत पोर झालं की बाईचं नाव रेशनकार्डापुरतं उरतं. आमची दारं समोरासमोर. माझा ओजस तेव्हा चार वर्षांचा, तिची मिनू सहाची आणि धाकटी चिऊ तीनची. आमचं घर सासऱ्यांनी घेतलेलं, तिचं भाड्याचं, दर अकरा महिन्यांनी करार नवा करायचा. नवरा एमआयडीसीत शिफ्टला, आणि रविवारची शिफ्ट हटकून त्याच्याच वाट्याला. त्यामुळे रविवारी ती, तिच्या दोन पोरी आणि जो तावडीत सापडेल तो, अशी वरात निघायची. मी दर वेळी सापडायचे.

तिचे नियम होते. पोटभर खाऊन निघायचं. आपली बाटली आपण धरायची. आणि बाहेर 'पाहिजे' हा शब्द काढायचा नाही, 'बघ' म्हणायचं. फुगेवाला दिसला की "काकू, बघ, लाल फुगा!" मग ती पोरांच्या उंचीला उकिडवी बसायची आणि खरोखर बघायची. "लाल कुठे रे? गुलाबी आहे तो." "नाही काकू, लालच!" यावर चांगली जुंपायची. एकदा तर फुगेवालाच मध्ये पडून म्हणाला, "भाभी, बच्चा सही बोल रहा है." निघताना पोरांना फुगा घ्यायची आठवणही नसायची. आधी मला वाटायचं, ही पोरांना बरोबर गंडवते. पण तसं नव्हतं. तिला स्वतःलाच बघण्याची इतकी हौस होती की पोरं आपोआप तिच्या मागे ओढली जायची.

कुठे कुठे नेलं तिने आम्हाला! अग्निशमन केंद्राच्या फाटकाशी उभं राहून बंब धुताना बघितला. शीळ रोडच्या नर्सरीत पानं चुरगळून वास ओळखायचा खेळ खेळलो. तिथला माळी पहिल्या दिवशी आमच्या मागे मागे फिरत होता, चोर आल्यासारखा. तिसऱ्या खेपेला तोच पोरांना हाका मारून "हे हुंगून बघा" म्हणायला लागला. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेला बसून आम्ही खेकडे बघायचो. बिळातून एक नांगी बाहेर आली की सगळ्यांनी श्वास धरायचा. चिऊ एकदा खेकड्याला हात द्यायला निघाली, तेव्हा जाळं आवरत बसलेली एक म्हातारी ओरडली, "ए बाय, पोरीला धर गो, चिखलान रुतंल!" पुढे अर्धा तास मिनूची आई त्या म्हातारीपाशी बसून जाळ्याची गाठ कशी मारतात ते शिकत होती. पोरं सांभाळत कोण होतं? मी! आणखी कोण!

ठाण्याला तलावपाळीवर तर तिने कमाल केली. बोटीत बसायचं तिकीट काढायचं नव्हतं, पण बोटी तर दिसत होत्या ना. तिने प्रत्येक पोराला एक एक बोट निवडायला सांगितली. ज्याची बोट आधी काठाला लागेल तो जिंकला. ओजसने निवडलेल्या बोटीत एक जाडजूड काका बायकोबरोबर आरामात पॅडल मारत चाललेले. काठावरून तीन पोरं आणि एक बाई बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली, "काका, जोरात! काका, जोरात!" काका आधी बावरले. मग त्यांना काय चेव आला देव जाणे, असे पाय मारायला लागले की काकू दोन्ही हातांनी बोटीची कड धरून बसल्या. उतरल्यावर धापा टाकत आमच्याकडेच आले. मला वाटलं, आता ऐकवतात. तर म्हणे, "जिंकलो का मी?" अशी माणसं तिला कुठेही भेटायची. मला एकटीला आजवर एकही भेटलेलं नाही.

पण तिचं सगळ्यात लाडकं ठिकाण होतं बाळकुम. बिल्डिंग उभी राहायच्या आधी बिल्डर लोक एक नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवतात, तो सॅम्पल फ्लॅट बघायला. ठाणे स्टेशनबाहेर त्यांची एसी गाडी उभी असायची, फुकट न्यायची आणि फुकट आणून सोडायची. वर कॉफी, बिस्किटं आणि ऑफिसात पोरांसाठी घसरगुंडी. "अगं, आपण घेणार आहोत का घर?" मी कानात कुजबुजले. "खोटं बोलायचंच नाही," ती म्हणाली. "विचारलं तर सांगायचं, बघतोय. बघतोयच ना आपण?"

मला त्या एसीत घाम फुटलेला. ती मात्र जन्मभर टॉवरमध्ये राहिल्यासारखी फिरत होती. कपाटं उघडून बघितली, खिडकीतून वारा कुठून येतो ते बघितलं, कुकर ठेवायला जागा कुठे ते विचारलं. टाय लावलेला मुलगा वहीत काहीतरी लिहीत मागून चाललेला. "मॅडम, बजेट काय धरलंय?" ती शांतपणे म्हणाली, "धरायला जातेय, पण हाताला लागत नाही." तो बिचारा पण हसला.

आणि तेवढ्यात चिऊ गायब! शोधलं तर बाथरूममध्ये, कमोडवर ऐटीत बसलेली. सॅम्पल फ्लॅटच्या कमोडला पाण्याची जोडणी नसते, तो नुसता शोभेचा, हे तीन वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? काम उरकलेलं होतं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिनूच्या आईने मुकाट्याने तिघांच्या बाटल्यांतलं पाणी ओतलं, कमरेला खोचलेला रुमाल काढून सगळं लख्ख पुसलं, हात पुसले आणि बाहेर येऊन त्या मुलाला म्हणाली, "बाथरूम छान आहे तुमचं. वापरून बघितलं." परतीच्या गाडीत आम्ही दोघी इतक्या हसलो की ड्रायव्हर आरशातून बघायला लागला.

मग आमच्या बिल्डिंगलाच नोटीस लागली. धोकादायक इमारत, खाली करा. आमच्यासारख्या मालकांना नवी बिल्डिंग झाल्यावर त्याच जागी फ्लॅट मिळणार होता, तोवर जवळपास घेतलेल्या घराचं भाडंही बिल्डर देणार होता. घराघरांत पेढे आले. भाडेकरूंना काहीच नव्हतं. करार संपला, निघा. मी समोरच्या दाराकडे बघायचं टाळायला लागले. तीच आली पेढा मागायला. "मला नाही का देणार गं?" म्हणाली. तोंड गोड करून गेली आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

तिला इथेच राहायचं होतं. मिनूची शाळा हाकेच्या अंतरावर, नवऱ्याची कंपनी सायकलवर. आणि मी होते. हे ती बोलून दाखवायची, लपवायची नाही. "तू समोर नसशील तर मी बाटली कुणाच्या दारावर वाजवू?" पण आजूबाजूच्या सगळ्याच बिल्डिंगा रिकाम्या होत होत्या, त्यामुळे भाडी अशी चढलेली की विचारायची सोय नाही. तरी आम्ही दोघींनी ठाकुर्लीपासून पार कोपर स्टेशनापर्यंत एक गल्ली सोडली नाही. ठाकुर्लीला एक खोली बघायला गेलो, बरोबर मिनू. अंधारं स्वयंपाकघर, भिंतीला ओल. ब्रोकर बाहेर फोनवर बोलत होता. मिनूने आईचा हात ओढला आणि हळूच विचारलं, "आई, हे नुसतं बघायचंय की पाहिजे म्हणायचंय?"

तिने मिनूच्या केसांतला निघालेला रबर पुन्हा लावला, आणि आम्ही तिथून निघालो.

त्यानंतरच्या रविवारी मीच बाटली घेऊन तिच्या दारावर वाजवली. म्हटलं, चल बाळकुमला, थंड हवा खाऊन येऊ, पोरं पण कंटाळलीत. ती तयार झाली. ठाण्याला उतरलो, ती एसी गाडी उभी होती, दार उघडं. पोरं चढलीसुद्धा. ही मात्र फुटपाथवरच उभी. "चल ना," मी म्हटलं.

"नाही गं जमणार मला आज," ती म्हणाली. "घर नको असायचं तेव्हा बघायला मजा यायची. आता पाहिजे आहे."

पोरांना खाली उतरवलं. तलावपाळीवर जाऊन बसलो. मी शेंगदाणे घेतले, पहिल्यांदाच, आणि तिने नको म्हटलं नाही. पोरं आपापली बोट निवडून ओरडत होती. आम्ही दोघी पाण्याकडे बघत बसलो, ती काय बघत होती कुणास ठाऊक.

शेवटी वांगणीला चाळीत एक खोली मिळाली. छोटी, पण विकत. नवऱ्याचा फंड, तिच्या बांगड्या, असं करून. "स्वतःचं आहे," ती चार चार वेळा सांगायची, मला आणि बहुतेक स्वतःलाही. सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी मला भयंकर राग आलेला. कुणावर, ते ठरवता येईना, म्हणून मी ओजसवर ओरडले. ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चिऊला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "येशील ना गं? कर्जत लाइन काय परदेशात आहे का?"

नाहीच आहे. तास-दीड तासाचा रस्ता. पण तुम्हाला माहितीये इकडच्या माणसांचं. पुढच्या रविवारी येते, आता परीक्षा झाली की येते, गणपतीनंतर नक्की. असं म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. फोन व्हायचे. "इथे तर सगळं फुकटच आहे," ती सांगायची, "नदी, डोंगर, बगळे. तू ये, मग दाखवते."

आमची नवी बिल्डिंग झाली. लिफ्ट आहे, पार्किंगच्या वर पोडियमवर बाग आहे, घसरगुंडी आहे. समोरच्या दारात चांगली माणसं आहेत, भेटली की हसतात. रविवारी आम्ही मॉलमध्ये जातो. ओजसला हे पाहिजे असतं, ते पाहिजे असतं, आणि घेतलं की गाडीत बसेपर्यंत त्याचा कंटाळा आलेला असतो. मी दर वेळी ठरवते, आता याला कुठेतरी नुसतं बघायला नेऊ. पण खरं सांगते, मला जमत नाही. मी त्याला तलावापाशी नेलं आणि "बघ, बोट" म्हटलं, तर तो म्हणाला, "बरं मग?" याचं उत्तर तिच्याकडे होतं. माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळची जेवणं उरकली आणि अचानक इतकी आठवण आली की उठलेच. कळवलं नाही, म्हटलं, चकित करू. ओजसला घेतलं. गाडीत तो विचारतो, "कुठे चाललोय?" म्हटलं, मिनूच्या आईकडे. "कोण मिनू?"

अरे, मिनू! चिऊ! त्यांची आई, काकू तुझी! खेकडे बघायला न्यायची, बंब दाखवायची, ती बोटींची शर्यत, तू घसा बसेपर्यंत ओरडलेलास! तो विचार करून बघत होता, अगदी प्रामाणिकपणे. मग म्हणाला, "आई, मी लहान होतो ना गं." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

चाळ सापडली. शेवटची खोली, निळं दार, दारावर पाटी, आणि पाटीवर आधी दोन्ही पोरींची नावं, मग नवराबायकोची. किती बरं वाटलं ते बघून! आणि दाराला कुलूप.

शेजारच्या आजी पायरीवर मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "रविवारची कुठे सापडते ती? चाळीतली सगळी पोरं घेऊन गेलीय, दहा-बारा असतील. नदीवर की डोंगरावर, कोण जाणे. काळोख पडल्यावर येते." मी कपाळावर हात मारला. रविवारी तिच्या घरी जायचं? जगात दुसऱ्या कुणाला नाही, पण मला तरी हे कळायला नको? आजींनी पाणी दिलं. "फोन लावून बघा की," म्हणाल्या.

मी लावला. इकडे कानाशी रिंग गेली आणि ओजस म्हणाला, "आई, आत वाजतोय."

खरंच, कुलपाच्या आत, कुठल्या तरी फळीवर, वाजत होता. आजी हसल्या. "रविवारी नेतच नाही ती. म्हणते, पोरं दिसत नाहीत मग." ओजस दाराच्या फटीला डोळा लावून आत बघत होता. मी फोन तोडला नाही. पायरीवर बसले आणि ऐकत राहिले. वाजून वाजून तो थांबला, तेव्हा मी परत लावला.