डोळा की मरण

चांगदेव दौंड जंक्शनवर रेल्वेच्या टपालात सॉर्टर होता. गाडीतून उतरलेल्या थैल्या फोडायच्या, पाकिटांवरचे पत्ते वाचायचे आणि ती ज्या त्या गावाच्या खणात टाकायची, हे त्याचं काम. कसलंही गचाळ अक्षर त्याला लागायचं. सोबतचे सॉर्टर अडलेलं पाकीट गुपचूप त्याच्यापुढं सरकवायचे.

त्याचं घर घोडनदीला, म्हणजे शिरूरला, बौद्ध वस्तीत. घरी आई भागुबाई एकटीच. धाकटा भाऊ भिमा चीवर घेऊन भिक्खू झाला होता. बोधगयेला त्याची काही लाओ भिक्खूंशी गाठ पडली आणि सत्तर साली तो त्यांच्याबरोबर लाओस देशात, व्हिएन्तिआनच्या एका विहारात गेला. तिथून दोन-तीन महिन्यांनी त्याचं मराठी पत्र यायचं. चांगदेव सुट्टीला एस.टी.नं घरी आला की आईला ते वाचून दाखवायचा.

पत्रात भिमा त्या भाषेच्या गमती लिहायचा. आपल्याकडं जसा ग गणपतीचा, तसा तिथं 'ख' ख्वायचा, आणि ख्वाय म्हणजे म्हैस. 'म' मेओचा, म्हणजे मांजराचा. यावर भागुबाई पोट धरून हसली होती. एकाच 'मा'चे सुरावरून तीन अर्थ होतात, येणं, घोडा आणि कुत्रा, आणि चुकीच्या सुरात बोललं की लोक तोंडाकडं बघत बसतात, असंही त्यानं एकदा कळवलं होतं.

बहात्तर साली त्यानं लाओ लिपीत छापलेली वंदनेची लहान पुस्तिका पाठवली. मागच्या कोऱ्या पानावर तीस-एक शब्द लाओ अक्षरांत लिहून, शेजारी देवनागरीत उच्चार आणि अर्थ दिले होते. चांगदेवला अक्षरांचा नाद होताच. वंदना त्याला तोंडपाठ, त्यामुळं कोणत्या ओळीत काय असणार हे आधीच माहीत. ते गोल, गाठी मारल्यासारखे आकार तो एकेक करून जुळवत गेला. लाओ लोक 'बुद्धं सरणं गच्छामि'चं 'फुत्थंग सरनंग खत्सामि' करतात, हे भिमानं लिहिलेलं होतं. म्हणजे आपल्या अनुस्वाराच्या जागी तिथं अक्षराच्या डोक्यावर एक बारीक आकडी आणि पुढं 'ङ' येतो. काही स्वर अक्षराच्या वर, काही खाली, काही तर अक्षराच्या आधी लिहिलेले. त्याचं त्याला नवल वाटलं नाही. आपली पहिली वेलांटीही अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. अडचण एकच होती. ते लोक शब्द सुटे लिहीत नव्हते. जुन्या मोडी कागदासारखी ओळ सलग चालायची आणि शब्द कुठं संपला हे वाचणाऱ्यानं ओळखायचं.

पंचाहत्तर साली त्या देशात राज्य पालटलं. रेडिओवर दोन वाक्यांची बातमी आली आणि भिमाची पत्रं थांबली. दीड वर्ष काही नाही. भागुबाई आधी विचारायची, मग विचारायची बंद झाली. चांगदेवला ते जास्त जड गेलं. त्यानं चार पत्रं पाठवली, एक परत आलं.

शहात्तरच्या नोव्हेंबरात दौंडच्या पत्त्यावर एअरमेलचं पाकीट आलं. तिकीट थायलंडचं. पत्ता इंग्रजीत, पण अक्षर भिमाचं नव्हतं. आत एकच कागद, सगळा लाओ लिपीत. तेही अक्षर भिमाचं नव्हतं.

ड्युटी दुपारी सुटली होती. चांगदेव खोलीवर आला, पुस्तिका काढली आणि खाटेवर कागद पसरून बसला. पहिल्या ओळीत 'फीमा' लागलं, म्हणजे भिमाच. त्यानंतर 'चेप'. यादीत चेप म्हणजे दुखणं. पुढचं अक्षर त, त्याला आ, आणि मग एक अक्षर, जे शब्दाच्या सुरुवातीला 'ञ' असतं आणि शेवटी 'य' होतं. ताय. यादीत तो शब्द होता. ताय म्हणजे मरण.

तो उठून बाहेर गेला. नळावर तोंड धुतलं आणि कठड्यावर बसून राहिला. आईला काय सांगायचं, आणि कशा शब्दांत, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं.

पण अर्धवट वाचलेलं पाकीट खाली ठेवायची त्याला सवय नव्हती. तासाभरानं त्यानं कागद पुन्हा घेतला आणि त्याच ठिकाणी बोट ठेवलं. त्या अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडी होती. पुढं 'ङ' होता. फुत्थंगमधला, सरनंगमधला तोच शेवट. म्हणजे हे अक्षर आधीच्या शब्दाचं शेपूट नव्हतं. इथं नवा शब्द सुरू होत होता, 'ञंग'. मग मागं उरला तो नुसता 'ता'. त्यानं यादीवरून बोट फिरवलं. ता म्हणजे डोळा. चेप ता. डोळा दुखतोय. 'ञंग' यादीत नव्हता, पण त्याच्या पुढं 'खियन' लागलं, म्हणजे लिहिणं, आणि 'बो', म्हणजे नाही. खाली शेवटच्या ओळीत सबाय होतं, बरं. त्याच्याआधी 'मे', आई.

त्याला रडू आलं. मग आपण चुकत तर नसू, अशी भीती वाटली. आईला खोटा धीर देणं त्याला नको होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो पहिल्या गाडीनं पुण्याला गेला. तिथं पाली शिकायला आलेले एक थाई भन्ते राहायचे. थाई आणि लाओ या सख्ख्या बहिणी, लिपीसुद्धा, हे त्याला भिमाकडूनच माहीत होतं.

भन्तेंनी कागद दोनदा वाचला आणि मोडक्या हिंदीत सांगितलं. भिमा पावसाळ्याआधी मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या विहारात आला आहे. डोळ्यांत पू झाला होता, आता पट्टी बांधली आहे, अजून लिहिता येत नाही. म्हणून हे पत्र बुनमी नावाच्या भिक्खूनं लिहिलं. आईला सांगा, मी बरा आहे.

चांगदेवनं विचारलं, "हा 'ञंग' म्हणजे काय, भन्ते?"

"अभी तक," भन्ते म्हणाले. "अभी तक नहीं लिख सकता. मतलब, बाद में लिखेगा."

पुण्याहून तो थेट शिरूरच्या एस.टी.त बसला. भागुबाई दारात लसूण सोलत होती. अवेळी आलेल्या मुलाकडं बघून तिचे हात थांबले.

"आये, भिमा बरा हाय," तो उभ्यानंच म्हणाला. "डोळं आलं व्हतं, म्हणून लिवलं न्हाई."

तिनं हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाली, "डोळं तर डोळं. जीव हाय न्हवं." आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ तशीच बसली. मग उठून तिनं मुलासाठी भाकरी टाकली आणि स्वतःही त्याच्याबरोबर पोटभर जेवली. शेजारच्या साखरबाईनं नंतर चांगदेवला सांगितलं, कित्येक महिन्यांनी तुझी आई नीट जेवली.

फेब्रुवारीत भिमाचं स्वतःच्या हातचं पत्र आलं. ओळी वाकड्या होत्या, पण मराठी होतं.

चांगदेवनं बुनमी भिक्खूला आभाराचं पत्र लिहायचं ठरवलं, तेही लाओत. दोन रविवार खपून त्यानं सात ओळी जुळवल्या. महिन्याभरानं तोच कागद परत आला, वर तांबड्या शाईनं दुरुस्त्या केलेला. 'घोडनदीला आमच्या घरी या', असं त्याला लिहायचं होतं. एका 'मा'वर सुराची खूण नको तिथं पडली होती, त्यामुळं येण्याचा घोडा झाला होता. शेजारी बुनमीनं घोड्याचं छोटं चित्र काढलं होतं.

भागुबाईनं चित्र निरखून पाहिलं. "तेला सांग," ती म्हणाली, "घोड्यावर बसून आला तरी चालंल."