साडूभाऊ आणि खंडेनवमीचा सर्व्हर

नवऱ्याच्या जातीला फार सुख मानवत नाही, म्हणून देवाने साडू निर्माण केला, असं माझं ठाम मत आहे. माझे साडू राहतात निगडीला, मी चिंचवडला. दोघंही कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. पण माझी बायको माझ्या कामाला 'कॉम्प्युटरचं काहीतरी' म्हणते आणि त्यांच्या त्याच कामाला 'दाजींचं डोकं'. बरं, माणूस म्हणावा तर विक्षिप्त. यंत्रांना अहोजाहो करतात. सर्व्हरच्या खोलीत चपला काढून जातात. छापील अक्षर दिसलं की शेवटपर्यंत वाचतात, मग ती बसच्या तिकिटाची मागची बाजू असो की लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची नावं. एकदा आमच्याकडे जेवायला आले आणि आमटी गार होईपर्यंत कुकरचं माहितीपत्रक वाचत बसले. मग म्हणाले, "सुनंदा, ही रिंग दुसऱ्या कुकरची आहे." तेव्हापासून आमचा कुकर वेळेवर शिट्ट्या देतो आणि प्रत्येक शिट्टीला बायको माझ्याकडे बघते.

आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत खंडेनवमीला यंत्रांना विसावा देऊन पूजा करतात. एका वर्षी मेंटेनन्सच्या भाऊंनी भक्तिभावाने सगळे स्विच खाली ओढले, त्यात चालता सर्व्हरही झोपवला आणि वर झेंडूचा हार घातला. दसऱ्यानंतर सुरू केला, तर आतल्या फाइलींची पार घडी विस्कटलेली. कंपनीच्या सगळ्या पार्टांची ड्रॉइंग त्याच्यात. बॅकअप होता, पण तोही त्याच हाराखाली. साहेब शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंग नाहीत म्हणजे कामाची लाइन नुसती उभी राहणार. मग तुम्ही तरी खुर्चीवर कशाला बसताय?" मी फाइली दुरुस्त करणारा प्रोग्राम लावला, तर निम्म्यात तोच कोसळला. पुन्हा लावला, पुन्हा कोसळला. मी इरेला पेटून लावत राहिलो आणि बायकोने मला न विचारता दाजींना फोन केला.

दाजी आले, चपला काढल्या आणि सर्व्हरला म्हणाले, "काय होतंय तुम्हाला?"

"बोलतंय व्हय ते?" भाऊंनी विचारलं.

"बोलतात की. आपण ऐकत नाही." मग माझ्याकडे वळून, "प्रोग्राम पडताना काय म्हणाला?"

"एरर आला म्हणाला," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावरचा सगळा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला. प्रोग्राम दर वेळी एकाच फोल्डरपाशी मरत होता, आणि तो प्रोग्रामही सर्व्हरइतकाच जुना होता. "औषध जुनं आहे, साडूभाऊ. ही जखम बघून त्यालाच घेरी येते." त्यांनी आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली, कारण खऱ्या अंगावर प्रयोग नकोत, आणि त्या नकलेवर त्याच प्रोग्रामची नवी आवृत्ती चालवली. ती सरळ शेवटपर्यंत गेली. माझी नोकरी वाचली म्हणून मला आनंद झाला आणि ती त्यांनी वाचवली म्हणून अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही अगदी खरं.

पण फाइली परत आल्या त्या नावं हरवून, नुसते आकडे घेऊन. तिथे मात्र दाजींनी हात टेकले, कारण वाचायला काही उरलंच नव्हतं. मी एक उघडली. "हे पंपाचं झाकण." दुसरी उघडली. "हा ब्रॅकेट. भोक डावीकडे, म्हणजे जुना." मी नावं देत गेलो आणि ते शेजारी बसून बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी इतक्या कंपन्या फिरतो राव, पण असं चेहऱ्यावरून ओळखावं, असं माझं कुठेच काही नाही."

आमच्या घरी आल्यावर त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "नावं सगळी यांनी लावली. मला नसतं जमलं." ते गेल्यावर ती मला म्हणाली, "बघा, केवढं मोठं मन आहे दाजींचं." आता अशा माणसावर जळायचं तरी किती?

पुढे दर खंडेनवमीला सकाळीच त्यांचा फोन यायचा. "त्यांना नीट झोपवलंत ना?" मला राग यायचा. यंदा त्यांच्या कंपनीने त्यांना चेन्नईला पाठवलंय. मी सर्व्हर रीतसर बंद केला, हळदीकुंकू वाहिलं आणि हार हातात धरून फोनची वाट बघत राहिलो. तो येईना, तेव्हा शेवटी मीच लावला.

"झोपवले," मी म्हटलं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "अहो म्हणालात ना त्यांना?"

म्हणालो होतो.