हळद-ताकाची माती

सूनबाई कढीसाठी ताकात हळद कालवू लागली, की मला अजून नळदुर्गची तालीम आठवते.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्याच वर्षी कॉलेजच्या कुस्त्यांत माझा गुडघा निखळला. डॉक्टरांनी कुस्ती कायमची बंद सांगितली. गावी परतलो तो भिंतीकडं तोंड करूनच पडलो. खुराकाचं दूध तसंच नासायचं. तालमीतून शड्डू ऐकू आला, की मी कान झाकून घ्यायचो.

एका सकाळी वस्ताद ताकाची घागर आणि हळदीची पुडी घेऊन दारात उभे राहिले.

"ऊठ. हौद्यातली माती लई कोरडी पडलीय."

"वस्ताद, मला आता खेळता न्हाय येणार."

"ठावं हाय मला. माती कालवायला हात लागतात, गुडघा न्हाय."

हौद्याच्या काठावर बसून मी रागारागानं माती कालवली. हे मला गड्यासारखं राबवताहेत, असंच तेव्हा वाटलं. त्यांनी गोड बोलून समजूत घातली असती, तर मी उठलोच नसतो, हे आज कळतं.

तेवढ्यात पैलवान आले. आत उतरण्याआधी एकेकानं रिवाजाप्रमाणं चिमूटभर माती कपाळाला लावली. माझ्या हातची, अजून ओली.

दुसऱ्या दिवशी वस्ताद यायच्या आधीच मी ताकाची घागर घेऊन तालमीच्या दारात उभा होतो.