फ्लॉपीला वाहिलेलं हळदकुंकू

नव्वदीच्या सुरुवातीला पनवेलच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. पाच मशीनं, एक एसी, दाराशी चपलांचा ढीग आणि मालकांचा कडक नियम: इथं गेम खेळायचे नाहीत. पालकांना गेम म्हणजे उनाडपणा वाटायचा आणि मालकांना पालक देवासारखे. मी त्यातून पळवाट काढली. खेळायचा नाही ना, मग तयार करू. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फारच कौतुक होतं.

ही पळवाट एकाच मुलीसाठी होती. आठवीतली, उरणच्या वाटेवरच्या गावातून एसटीनं यायची. घरचं मिठागर होतं. बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकवताना एकदा मी तिला म्हटलं, कॉम्प्युटरला मनाला येईल तो आकडा काढायला सांगता येतं, कुठला येईल ते आपल्यालाही आधी कळत नाही.

"म्हंजे खांड, मॅडम," ती म्हणाली. "उधानाला बांध कुठं फुटंल ते कुनाला ठाव नाय."

महिना-दीड महिन्यात तिनं त्याचाच गेम केला. स्क्रीनवर आडवा बांध, पलीकडे खाडीचं पाणी, अलीकडे मिठाच्या राशी म्हणून फुल्या. बांधाला कुठंही भोक पडायचं. मग बटणं दाबत एका अक्षराचा माणूस तिथवर पळवायचा आणि ते बुजवायचं. उशीर झाला की पाणी एकेक फुली गिळायचं. मी फक्त आज्ञा सांगत गेले, गेम सगळा तिचा. क्लासच्या डिस्कवर मालक असलं काही ठेवू देत नसत, म्हणून तो तिच्या एकुलत्या एका फ्लॉपीवर होता. दुसरी प्रत काढून ठेवावी, हे मी तिला शिकवलंच नाही. धुळीवर आणि बोटांच्या ठशांवर मात्र तासन् तास व्याख्यानं झोडायचे.

तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, दसरा झाला की मी येतो, काय शिकलीस ते दाखव. काही दिसलं तर क्लास चालू, नाहीतर दिवाळीपासून शिवणक्लास. हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच धाकधूक वाटायला लागली.

दसऱ्याला क्लासमध्ये पूजा मांडली. मशीनांना झेंडूचे हार, की-बोर्डवर आपट्याची पानं. मी उत्साहानं तिला म्हटलं, तुझीही फ्लॉपी ठेव सरस्वतीपुढे. त्या वेळच्या मोठ्या, पातळ फ्लॉपीला एक उघडी खाच असायची, तिच्यातून आतली तबकडी दिसायची. पोरीनं फ्लॉपी कागदी पाकिटात घालूनच पाटावर ठेवली. मला ते पाकीट पूजेत बरं दिसेना. मी ती बाहेर काढली.

"मॅडम, कुंकू आत जाईल ना?"

"देवाचं असतं, काही होत नाही," असं म्हणून मी चांगली चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू वाहिलं.

दोन दिवसांनी वडील आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. दारात चपला काढून लेकीच्या मागं हात बांधून उभे राहिले. शेजारी मालक. तिनं फ्लॉपी घातली. आत खरखर झाली आणि स्क्रीनवर अक्षरं आली: ॲबॉर्ट, रिट्राय, फेल. तिनं रिट्रायचं बटण दाबलं. परत दाबलं. सात-आठ वेळा दाबलं. मी फ्लॉपी काढून बघितली तर तबकडीवर गोल, लालसर ओरखडे पडले होते.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण कॉम्प्युटर शिकवणारी बाई फ्लॉपीवर कुंकू उधळते, हे त्या दोघांसमोर कबूल करायची मला लाज वाटली.

"फ्लॉपी नीट सांभाळायला हवी होती हिनं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हो. माझंच चुकलं."

वडील चिडले नाहीत. लेकीनं कसलासा खेळ बनवलाय, हे त्यांनी घरी ऐकलं होतं. "कसला खेल व्हता?" एवढंच त्यांनी मला विचारलं. आयुष्यभर बांधाच्या खांडी बुजवलेल्या माणसाला हा गेम सांगण्यासारखी सोपी गोष्ट दुसरी नव्हती. पण बोलत बसले असते तर फ्लॉपीचा विषय पुन्हा निघाला असता. "असाच, मुलांचा," मी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या, मॅडम. तिला सांभालता येत नाय तं आमी कशाला हट्ट करू?"

ती क्लासला परत आली नाही. मी आजवर स्वतःला बऱ्याच सबबी सांगून बघितल्या, एकही धड टिकत नाही. तेरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात मी माझी चूक बांधली, आणि तीही जिनं मला आधी सावध केलं होतं तिच्याच.

दिवाळीनंतर ती मला बाजारात भेटली. खांद्याला कापडाची पिशवी होती, तिच्यातून मोजपट्टी डोकावत होती. मी हळूच विचारलं, "घरी सांगितलंस का, खरं काय झालं ते?"

"नाय," ती म्हणाली. "बाबा तुमाला जाम मानतात."

त्यांचं गाव एसटीनं अर्ध्या तासावर होतं. त्याच संध्याकाळी जाऊन सगळं सांगता आलं असतं. मी तिला विचारलं, "शिवण कसं चाललंय?"