ग्रीस देऊन जाणारा आरोपी

निवृत्त झाल्यापासून माझ्या डोक्यात खून, दरोडे, घरफोड्या सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. कोणता चोर कुठे पकडला ते सांगताना मीच आता दोन-चार चोर जास्तीचे घालतो. पण असोद्याकडची एक तक्रार अजून जशीच्या तशी आठवते. तिच्यात मला काही वाढवावं लागत नाही. थोडंसंच वाढवतो.

मी तेव्हा जळगाव तालुक्यात ठाणे प्रभारी होतो. कुटुंब धुळ्याला देवपुरात, मी सरकारी क्वार्टरमध्ये एकटा. सकाळची हजेरी चालू असताना सत्तरीचे एक शेतकरी आले. गावात त्यांना नाना म्हणत. खानदेशात दर तिसऱ्या घरात एक नाना असतो, तेव्हा मी नाव फोडलं असं कोणी म्हणू नये.

"साहेब, माह्या खुनाचा प्रयत्न झाला."

ठाणे अंमलदाराचं पेन हवेतच थांबलं. "कशानं?"

"ग्रीसनं."

अंमलदार धुळ्याकडचा. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, बुढानं डोकं फिरी जायेल शे."

हकीकत अशी. नानांकडे चारही चाकं ओढणारी जुनी जीप होती. केळीच्या बागांमधल्या ज्या चिखलात ट्रॅक्टर रुतायचा, तिथून ही हत्तीसारखी निघायची. पण तिचे सांधे कोरडे पडले होते. स्टीअरिंग वळवलं की अशी किंचाळायची की जळगावच्या सराफाचा हात दागिन्यावरून घसरावा. आणि आता म्हणे, दुपारी नानांचा डोळा लागला की कोणीतरी जीपखाली शिरतं. उठून पाहावं तर खालचे सांधे ताज्या ग्रीसनं भरलेले, किंचाळणं मात्र तसंच.

"आज ग्रीस देतो, उद्या स्टीअरिंगचा नट ढिला करीन. मी एकटा मानूस. खड्ड्यात गेलो तं कोनाले समजीन?"

"संशय कोणावर?"

संशय बांधापलीकडच्या सख्ख्या धाकट्या भावावर होता. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. एक नट जरी ढिला निघाला असता, तरी त्या धाकट्याला मला आत टाकावं लागलं असतं.

खबर मिळायला वेळ लागला नाही. केळीचे घड वाहणाऱ्या एका अक्कानं सांगितलं, "धाकला आबाच व्हता. गाडीखालून पाय बाहेर. मी हाक मारली तं पाय आत घेतले."

आबांना ठाण्यात आणलं. माझ्या नुसत्या मिशा पाहून लोकांनी न केलेले गुन्हे कबूल केलेत, पण हा गृहस्थ खुर्चीच्या कडेवर बसून पंख्याकडे पाहत राहिला. लग्न केलेलं नाही, घरी दुसरं माणूस नाही. चहा विचारला, तर म्हणाला, "कोनी संगे घेत असीन तं घेतो."

मी संगे घेतला. कप रिकामा झाल्यावर जबाब सुरू केला.

"जीपखाली शिरला होता?"

"हो."

"कशाला?"

"गाडी रडत व्हती."

"मग नानांना सांगायचं."

"बोलतं कोन?"

"बरं, ग्रीस दिलं. मग ती अजून किंचाळते कशी? खाली नेमकं काय करत होता?"

इथे तो पहिल्यांदा चिडला. "एका मानसाचं काम आहे का ते? बाकीचे सांधे भरले. स्टीअरिंगचा एक राहिला, तो जाम आहे. वर बसून कोनी स्टीअरिंग हलवत राहिलं तंच त्यात ग्रीस शिरतं. वर बसवू कोनाले? बुजगावन्याले?"

दोन पंच आणि एक मोटार वाहन निरीक्षक घेऊन आम्ही मळ्यात गेलो. दोघे भाऊ जीपच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून उभे. निरीक्षक खालून बाहेर आले. सगळे नट घट्ट, पिना जागेवर. "पण तो कोरडा सांधा असाच राहिला तर एक दिवस तुटेल," ते म्हणाले. "मग खुनाला माणूस लागणार नाही."

मी नानांना विचारलं, "तुम्ही स्वतः का नाही ग्रीस देत?"

"पंप नही."

वाटणीत जीप थोरल्याला आली होती आणि अवजारांची पेटी धाकट्याला. अशी वाटणी करायला पंच आकाशातून उतरले असावेत.

"अहो, बाजारात ग्रीसचा पंप मिळतो की."

"घरात पंप असताना दुसरा कायले घेऊ?" नाना म्हणाले. 'घरात' म्हणताना त्यांचं बोट बांधापलीकडे होतं.

आबा मुकाट्यानं बांध ओलांडून गेले, पंप घेऊन आले आणि जीपखाली शिरले. आमचा अंमलदार स्टीअरिंगवर बसायला चढला.

"उतर खाली," नाना म्हणाले. "तुले नही समजत." आणि स्वतः चढले.

खालून "हं" आलं की नाना डावीकडे वळवत, पुन्हा "हं" आलं की उजवीकडे. दुसरा शब्द नाही. आधी सांध्यातून काळा चिखल निघाला, मग स्वच्छ ग्रीस दिसू लागलं. किंचाळणं थांबलं, तेव्हा केळीची पानं वाजताना ऐकू आली.

नानांनी तक्रार नसल्याचं लिहून दिलं. आबा हात पुसून निघाले, पंप बॉनेटवर ठेवून.

"पंप उचल तुहा," नाना त्यांच्याकडे न पाहता म्हणाले. "इथं राहिला तं पुन्हा येशीन कायले?"

आबांनी पंप उचलला.

त्या संध्याकाळी क्वार्टरवरून मी देवपूरला फोन लावला. "काही झालं का?" बायको घाबरून म्हणाली. काही झालं नव्हतं. बिनकामाचा फोन मी कधी केलाच नव्हता.

ठाण्याची पायरी चढणारा माणूस कोणाला तरी आत टाकायला येतो, असं मी समजत असे. काही जण कोणाला तरी बोलावून घ्यायला येतात. ते त्यांना स्वतःला जमत नाही, म्हणून पोलीस लागतात. तेव्हापासून "संशय कोणावर?" याच्या आधी मी "घरी कोण असतं?" हे विचारत आलो. एवढ्याशा प्रश्नाला उत्तर द्यायला लोक फार वेळ लावतात.