मोबदल्यात काय अपेक्षित होतं?

रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी सहा वर्षं कंत्राटावर काढली. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, आणि हातात काय? धत्तुरा! म्हणून त्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका परदेशी कंपनीतून कायमच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी हरखलेच.

निघताना आईनं पिशवीत उडदाच्या पापडांची दोन पुडकी कोंबली. पेणला आमच्या घरी पापडच लाटतात. "रिकाम्या हातानं कुनाच्या दारात जाशील गो? बरं दिसत नाय." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेतल्या बाईंपासून दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना आम्ही तेच देत आलोय.

वडखळला तासभर गाडी अडली, तरी वेळेत पोचले. समोर दोन इथले साहेब, एक एचआरच्या बाई आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक गोरा साहेब. त्यानं विचारलं, मशीन बंद पडलंय आणि माल भरलेला टँकर गेटवर उभा आहे, काय कराल? मी म्हटलं, "टँकर उभा राहील. तपासल्याशिवाय मी माल सोडत नाही, मग कुणी कितीही बोंबलो." इथले दोघं हसले. गोरा साहेब मान डोलावत होता. जागा आपलीच, असं मनात पक्कं झालं.

उठताना मी पुडकी टेबलावर ठेवली. "घरचे आहेत हो."

इथल्या दोघांनी टेबलावरचे हात मागे घेतले. बाईंनी कपाटातून एक फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. भेट देणाऱ्याचं नाव, भेटीचं कारण, मोबदल्यात काय अपेक्षित. तेवढ्यावर माझं डोकं सटकलं. मी लिहिलं, 'तळून खा.'

आठवड्यानं मेल आला. माझ्या कामाबद्दल अवाक्षर नाही. कंपनीच्या नीतिनियमांत बसत नाही, म्हणून नकार. अहो, पापड म्हणजे लाच असेल तर अख्खं पेण आत जाईल! मी आधी खूप चिडले, मग मोरीत जाऊन रडले. पण आईकडे बघवेना. लाटता लाटता थांबून ती म्हणाली, "माज्या हातानं तुजी नोकरी घालवली."

गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या परदेशी कंपनीचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता : नीतिनियमांच्या कारणावरून पूर्वी कुठे नाकारलं गेलं आहे का?

लॅबमधली मैत्रीण शेजारी बसली होती. ती म्हणाली, "नाय लिही आनि मोकळी हो. कोण बघायला येतंय?"

कुणी येणार नव्हतं, खरंय. पण 'नाही' लिहिलं असतं, तर माझ्या आईनं काहीतरी लपवण्यासारखं केलं, हे मीच कबूल केलं असतं. मी 'होय' लिहिलं.