उषाचं प्रस्थान

उषा देशकरइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली नेमकी तीच.

आमची ओळख पिपलानीच्या क्वार्टरांमधली. दोघींचे नवरे कारखान्यात, दोघी विदर्भातून लग्न होऊन भोपाळला आलेल्या. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा इंद्रपुरीत भिंतीला भिंत लावून घरं घेतली. माझे यजमान गेल्यापासून तर माझा निम्मा दिवस तिच्याच स्वयंपाकघरात जायचा. तिचं आयुष्य दुसऱ्यांच्या प्रवासाची तयारी करण्यात गेलं. तिचे यजमान बाळकृष्णभावजी यंत्रं बसवायच्या कामावर देशभर हिंडायचे. मुलगा सौरभ शिकायला बंगलोरला गेला, तो तिकडचाच झाला. ही त्यांना चिवडा-दशम्या बांधून द्यायची आणि फाटकाशी उभी राहायची. स्वतः कधी गेली तर फार तर नागपूरपर्यंत.

भावजींना याची टोचणी होती. बेत त्यांनीच काढला. पूर्वेकडे निघायचं, जपान, अमेरिका, मग युरोप करत पश्चिमेकडून घरी यायचं. मागे वळायचं नाही. मी म्हटलं, आधी स्वतःचे गुडघे बघा. पण इंजिनिअर माणूस, त्यांनी बायकोची रंगीत तालीमच सुरू केली. विमानतळावर फार चालावं लागतं म्हणून दोघं रोज संध्याकाळी चाकांच्या बॅगा ओढत मैदानाला फेऱ्या मारायची. लोक विचारत, "भाईसाहब, कहाँ चले?" भावजी गंभीरपणे सांगत, "दुनिया घूमने." साडीखाली पांढरे बूट घातलेली उषा पदराने तोंड झाकायची. बॅगांचं वजनसुद्धा चक्कीवर नेऊन गव्हाच्या काट्यावर करून आणलं. मी दोघांची भरपूर टिंगल केली, पण मनातून मला हेवा वाटत होता. साठी उलटलेली बाई शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी दिसायला लागली होती.

निघायचा दिवस नेमका अमावास्येला आला. तिकिटं बदलायची सोय नव्हती. जपानात अमावास्या पाळत नाहीत, असं भावजींनी सांगून पाहिलं. उषा ऐकेना. मग तिने आदल्या आठवड्यातला चांगला दिवस बघून प्रस्थान ठेवलं. म्हणजे प्रवासात लागणारी एखादी वस्तू तांदूळ, सुपारी, हळकुंडासोबत बांधायची आणि शेजारच्या घरात नेऊन ठेवायची. प्रवास त्याच मुहूर्तावर सुरू झाला असं धरायचं आणि खरं निघताना ती उचलून पुढे जायचं. शेजार म्हणजे मी. तिने नवे लोकरी हातमोजे रुमालात बांधून आणले आणि माझ्या देवाशेजारच्या कपाटात ठेवले.

"हे आता घरी परत न्यायचं नाही हं, शकुंतला," ती म्हणाली. "प्रस्थान माघारी नेलं की प्रवास मोडतो."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघी प्रवासासाठी लाडू वळत होतो. वळता वळता ती भिंतीला टेकली. कपाळावर घाम आलेला. जराशी घबराहट होतेय, गॅस असेल, असं म्हणत डावा हात चोळायला लागली. मी डॉक्टरचं नाव काढताच तिने माझं मनगट धरलं.

"यांना सांगू नकोस गं. डॉक्टर जाऊ देणार नाही. प्रस्थान ठेवलंय मी, आता नाही म्हणायचं नसतं. कालपण असंच झालं होतं, गेलं आपोआप."

कालही झालं होतं आणि ही बाई गप्प बसली होती. मी तिला वाट्टेल ते बोलले आणि ऑटो आणायला कोपऱ्यावर धावले. भावजी बँकेत होते. ते दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला तिचा फार राग आला, अजून येतो. जन्मभर घाबरत जगली, मग नेमकं तेव्हाच कशी घाबरली नाही?

सौरभ आला. त्याने तिकिटं रद्द केली. वडिलांना बंगलोरला चला म्हणून पुष्कळ विनवलं, पण ते हलले नाहीत. दोन्ही बॅगा भरलेल्या तशाच बैठकीत उभ्या राहिल्या. भावजींनी संध्याकाळी बाहेर पडणं सोडलं, मग जेवणावरचं लक्ष उडालं, मग ब्लडप्रेशरच्या गोळ्या तशाच पडून राहायला लागल्या. मी ओरडायचे, ते हो म्हणायचे. माझ्या कपाटातलं गाठोडं मात्र तिथंच होतं. त्यांनी मागितलं नाही, मी दिलं नाही. पावसाळ्यात तांदळाला किडे लागले, तेव्हा मी तांदूळ बदलून गाठ पुन्हा मारली. फेकून द्यायला हात धजला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी भावजी दारात आले. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबणारा. हातात तसंच रुमालाचं गाठोडं. आत प्रवासासाठी घेतलेली कानटोपी होती, तांदूळ होते, सुपारी होती. हळकुंडसुद्धा विसरले नव्हते.

"वहिनी, उषा तर निघाली," ते म्हणाले. "मागे मी राहिलो. माझंही प्रस्थान तिच्याजवळ ठेवून घ्या."

खूप रडावंसं वाटलं आणि तितकंच त्यांना बदडावंसं वाटलं. मी दारातच आडवी उभी राहिले. एका घरात नवरा-बायकोची दोन प्रस्थानं ठेवत नाहीत, म्हणून सांगितलं.

"असं कुठे आहे?"

"माझ्या सासूबाई सांगायच्या. ते घरी घेऊन जा. आणि दुपारी जेवायला या, पिठलं करतेय."

उषाने पाळलेली रीत मोडायची त्यांची हिंमत नव्हती. गाठोडं दोन्ही हातांत धरून ते हळूहळू वळले. ते आपल्या घरात शिरेपर्यंत मी फाटकाशी उभी होते.

माझ्या सासूबाई असलं काही कधीच बोलल्या नव्हत्या. प्रस्थान माघारी नेलं की प्रवास मोडतो, एवढं मला उषाने सांगितलं होतं. मोडू दे.